कागद नसलेल्या मुलाची फी कोणी भरायची?

एखाद्या मुलाला सरकारी शाळेत बारा वर्षे शिकवायचे, पुस्तके द्यायची, त्या देशाचा इतिहास स्वतःचा म्हणून त्याच्याकडून पाठ करून घ्यायचा, आणि तेराव्या वर्षी कॉलेजच्या दारात त्याला विचारायचे, ‘तू इथला कोण?’ असे विचारण्याचा नैतिक अधिकार त्या देशाला उरतो काय? अमेरिकेत हा प्रश्न गेली पन्नास वर्षे या ना त्या रूपाने धुमसतो आहे. तिथल्या कॉलेजांत आज कागदपत्रे नसलेले सुमारे चार लाख विद्यार्थी शिकत असल्याचा एक अंदाज आहे. कोणी आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडली, कोणी रीतसर व्हिसावर आले आणि व्हिसाची मुदत संपल्यावर आईबापांबरोबर तिथेच राहिले. त्यांत मेक्सिकोचे आहेत, मध्य अमेरिकेचे आहेत, फिलिपाईन्सचे आहेत, तसे आपल्या भारतातलेही आहेत. विरोधक त्यांना ‘बेकायदा’ म्हणतात. आम्ही त्यांना ‘कागद नसलेले’ म्हणू, कारण माणूस बेकायदा कसा असू शकतो हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही.

आम्ही शिक्षक आहोत. हजेरीपटावर नाव चढले की ते मूल आमचे, एवढा साधा हिशेब आम्हाला ठाऊक. म्हणून हा प्रश्न दूरदेशीचा असला तरी आम्हाला परका वाटत नाही. शिवाय आपल्या वाचकांपैकी अनेकांचे भाऊ, मेहुणे, भाचे आज तिकडे आहेत. तेव्हा प्रथम वस्तुस्थिती पाहू आणि मग न्याय-अन्यायाकडे वळू.

शालेय शिक्षणाचा निकाल अमेरिकेने १९८२ साली लावला. टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा केला होता की कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणावर राज्याचा पैसा खर्च होणार नाही आणि शाळांनी त्यांना प्रवेश नाकारला तरी चालेल. टायलर नावाच्या गावातील शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर मागितले. मजुरी करणाऱ्या बापाला हे कुठून जमणार? चार कुटुंबे न्यायालयात गेली. ती कोणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून सुनावणी भल्या पहाटे ठेवण्यात आली. कोर्टातून परस्पर देशाबाहेर काढतील या धास्तीने ही माणसे घरचे सामान गाडीत भरूनच आली होती. मुलाच्या शाळेसाठी घरदार गमावण्याची तयारी ठेवणाऱ्या या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांपुढे आम्हा पदवीधरांची मान लवते.

अखेर सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आईबापांच्या वर्तनाची शिक्षा मुलांना देणे न्यायाच्या मूळ कल्पनेत बसत नाही, आणि निरक्षर माणसांचा एक कायमचा थर देशात तयार करण्यात कोणाचे हितही नाही. एकाच्या कृत्याचा बोजा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये, हे तत्त्व आपल्या वाचकांना नव्याने समजावण्याची गरज नाही. विरोधी मत देणारे सरन्यायाधीश बर्गर यांनीही या मुलांना शिक्षण नाकारणे शहाणपणाचे आहे असे म्हटले नव्हते. धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

मात्र हा निकाल शाळेच्या फाटकापाशी संपतो. कॉलेजबद्दल तो काही बोलत नाही. कागद नसलेल्या मुलाला कॉलेजात प्रवेश देऊ नये असा केंद्र सरकारचा कायदा नाही. पण फीच्या बाबतीत हात वर केलेले आहेत. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान, सरकारी कर्ज, कॉलेजातच काम करून मिळवायची मदत, यांपैकी काहीही त्याला मिळत नाही. ही दारे नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांनाच उघडतात. त्यावर आणखी एक भार. तिथल्या सरकारी विद्यापीठांत दोन प्रकारची फी असते, राज्यातल्यांना कमी आणि बाहेरच्यांना कितीतरी जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठात परराज्यातील विद्यार्थ्याला मूळ फीच्या वर वर्षाला तीस हजार डॉलरहून अधिक जादा भरावे लागतात. ज्या मुलाचे घर विद्यापीठाच्या भिंतीला लागून आहे, ज्याची आई त्याच विद्यापीठाच्या खोल्या झाडते, तो कागदोपत्री ‘बाहेरचा’ ठरतो.

१९९६ साली केंद्राने दोन कायदे करून ही गाठ आणखी आवळली. राज्यात राहतो एवढ्या कारणावरून कागद नसलेल्याला फीची सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत देशातल्या कोणत्याही नागरिकाला, तो कुठेही राहत असला तरी, द्यावी लागेल, अशी अट घातली गेली. त्यावर राज्यांनी एक वाट काढली, आणि ती वाट आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. २००१ साली आधी टेक्सासने आणि मग कॅलिफोर्नियाने कायदे केले. कॅलिफोर्नियाची अट राहण्याची नव्हती, शिकण्याची होती. ज्याने राज्याच्या हायस्कुलात तीन वर्षे काढली आणि तिथूनच परीक्षा दिली, त्याला राज्यातलीच फी. मग तो कागद नसलेला असो की कॅलिफोर्नियात शिकून नंतर दुसऱ्या राज्यात गेलेला नागरिक असो. २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. वकिलांच्या लेखी ही एक पळवाट असेल. आमच्या लेखी तीत एक सत्य दडलेले आहे. माणूस कुठला, याचे एक उत्तर त्याचा जन्मदाखला देतो आणि दुसरे उत्तर त्याची शाळा देते.

यानंतर मदतीच्या आणखी वाटा निघाल्या. कमी फीबरोबर राज्याच्या तिजोरीतून अनुदान देण्याची प्रथा टेक्सासने सुरू केली, २००५ साली न्यू मेक्सिकोने ती स्वीकारली. कॅलिफोर्नियाने २०११ साली दोन कायदे केले. एकाने विद्यापीठांमार्फत मिळणाऱ्या खासगी देणग्यांच्या शिष्यवृत्त्या खुल्या केल्या आणि दुसऱ्याने राज्याचे अनुदान. मिनेसोटा, वॉशिंग्टन राज्य आणि २०१९ साली न्यू यॉर्क त्याच वाटेने गेले. काही खासगी विद्यापीठे स्वतःच्या निधीतून मदत करतात. ‘द ड्रीम डॉट यूएस’सारखी संस्था २०१४ पासून खास याच मुलांसाठी शिष्यवृत्ती देते. ज्यांना यातले काही मिळत नाही ते घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय घेऊन शिकतात. एका सत्राची फी जमवायची, शिकायचे, मग एक सत्र काम करायचे, असा त्यांचा प्रवास असतो. चार वर्षांच्या पदवीला आठ वर्षे लागली तर त्यात नवल नाही.

याच्या उलटही घडले. साउथ कॅरोलिनाने २००८ साली सरकारी कॉलेजांत अशा मुलांना प्रवेशच बंद केला. जॉर्जियाने २०१० साली आपल्या निवडक विद्यापीठांचे दार लावून घेतले. तेव्हा तिथल्या काही प्राध्यापकांनी २०११ साली अथेन्स शहरात ‘फ्रीडम युनिव्हर्सिटी’ नावाने विनामूल्य वर्ग सुरू केले. ना पदवी, ना मान्यता, फक्त शिकवणे. आमच्या व्यवसायाची अब्रू अशा माणसांनी राखली आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ते सगळेच द्वेषातून येतात असे आम्ही मानत नाही. पहिला आक्षेप असा, की कायदा मोडणाऱ्याला बक्षीस दिले तर कायदा पाळणाऱ्याने काय करायचे? यावर नेहमीचे उत्तर दिले जाते की मूल निष्पाप आहे, कायदा त्याने मोडला नाही. उत्तर खरे आहे, परंतु आम्हाला ते अपुरे वाटते. कारण मुलाला निष्पाप म्हणताना आपण नकळत बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. ज्या बापाने टोमॅटोच्या शेतात पाठ मोडून मुलाला शिकवले, त्याच्याकडे बोट दाखवून मुलाने म्हणायचे, ‘गुन्हा यांचा, मला माफ करा.’ अशी शिष्यवृत्ती कोणत्या स्वाभिमानी मुलाला गोड लागेल? आणि अशा मुलांतली हुशार, पहिल्या क्रमांकाची, भाषण करणारी तेवढी निवडून त्यांची छायाचित्रे छापली जातात. मग सामान्य गुणांच्या मुलाने कुठे जायचे? नागरिकाच्या पोराला मध्यम असण्याची मुभा आहे, याला नाही. हक्क हा गुणवत्तेच्या बक्षिसासारखा वाटायचा नसतो.

आमच्या मते पाया दुसरा आहे. हे कुटुंब त्या समाजाच्या व्यवहारात आधीच सामील झालेले आहे. त्याच्या श्रमावर तिथली शेते, हॉटेले, बांधकामे चालतात. ते दुकानात वस्तू घेताना कर देते, घरभाड्यातून मालमत्ता कर देते, अनेक जण आयकरही भरतात. २०२२ या एका वर्षात कागद नसलेल्या लोकांनी तिथे सर्व मिळून सुमारे ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, असा एका अभ्यास संस्थेचा हिशेब आहे. ज्या तिजोरीत बाप भर घालतो, त्या तिजोरीतून मुलाला काही मिळाले तर त्याला खैरात म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पैसा मर्यादित आहे, आणि नागरिकांतही गरीब मुले आहेत. कमी फीच्या बाबतीत हा आक्षेप फारसा टिकत नाही. जादा फी भरणे ज्याला शक्यच नव्हते तो मुलगा कमी फी तरी भरू लागतो, तिजोरीचे नुकसान होत नाही. परंतु अनुदानाचे तसे नाही. तिथे रक्कम ठरलेली असते आणि एकाला दिले की दुसऱ्याला कमी पडू शकते. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्यात यावर तडजोड केली. जी अनुदाने स्पर्धेतून मिळतात, ती आधी इतर पात्र विद्यार्थ्यांना, आणि काही शिल्लक राहिले तरच या मुलांना. म्हणजे दस्तरखानावर जागा दिली, पण वाढायचे सर्वांत शेवटी. हे पूर्ण न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरीही दाराबाहेर उभे राहण्यापेक्षा पंगतीच्या टोकाला बसणे बरे. नागरिकांमधल्या गरीब मुलाला मात्र आम्ही एवढेच सांगू, की तुझी फी या मुलामुळे वाढलेली नाही. दोन गरिबांना एका भाकरीवरून भांडत ठेवणे ही जुनी रीत आहे, आणि अशा भांडणात भाकरीचा आकार कोणी ठरवला हे विचारायचे राहून जाते.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. पुण्याहून, मुंबईहून नोकरीच्या व्हिसावर गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहेत. कोणत्याही एका देशाला दरवर्षी सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. त्यांचे मूल चार वर्षांचे असताना गेले, सगळे कागद चोख, कर भरलेला. ते एकवीस वर्षांचे झाले की वडिलांच्या व्हिसावरून त्याचे नाव गळते. मग त्याने विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाही तर ज्या देशात राहिल्याचे त्याला आठवतही नाही तिथे परतायचे. केंद्राची शैक्षणिक मदत त्याला आधीही नव्हती आणि नंतरही नाही. २०१२ साली कागद नसलेल्या मुलांना तात्पुरते अभय मिळाले तेव्हा हा त्यातूनही वगळला गेला, कारण त्या वेळी त्याच्याकडे कागद होते! या आईबापांच्या मनात सल असणे स्वाभाविक आहे. ‘आम्ही नियम पाळले, आम्हाला काय मिळाले?’ हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण दुसऱ्या मुलाचे दार लावून घेतल्याने त्याचे उत्तर मिळणार नाही. उलट या दोन मुलांना शेजारी बसवून पाहिले तर कळते, की एकाकडे कागद आहेत, दुसऱ्याकडे नाहीत, तरी दोघांना दुखणे एकच आहे. जिथे वाढलो तिथले आपण आहोत, हे सिद्ध करण्याची सोय कोणत्याच रकान्यात नाही.

वर ज्या अभयाचा उल्लेख केला ते १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने जाहीर केले. लहानपणी आलेल्यांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना, असे त्याचे स्वरूप. काम करता येऊ लागले तशी अनेकांची फी निघू लागली. पण त्यासाठी जून २००७ पूर्वीपासून देशात असणे ही अट होती. तेव्हा आज हायस्कूल संपवणाऱ्या अशा मुलांपैकी जवळजवळ कोणीच तीत बसत नाही. २०१७ साली पुढच्या सरकारने ही योजना बंद करण्याचे जाहीर केले, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत चुकीची ठरवली, आणि २०२१ च्या एका न्यायालयीन आदेशापासून नव्या अर्जदारांना अभय मिळणे थांबले. या मुलांना कायमचा आधार देणारे विधेयक सिनेटमध्ये प्रथम २००१ साली आले. २०१० साली ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले, सिनेटमध्ये साठ मते हवी होती तिथे पंचावन्न पडली. पाच मतांनी एक अख्खी पिढी दारात उभी राहिली.

आता आम्हाला ज्या गोष्टीने सर्वाधिक अस्वस्थ केले तिच्याकडे येतो. मदत मागायची म्हणजे अर्ज भरायचा, आणि अर्ज भरायचा म्हणजे नाव, पत्ता, आईबापांचे उत्पन्न सांगायचे. अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्मानेच नागरिक असलेले असे असंख्य विद्यार्थी आहेत ज्यांच्या आईबापांकडे कागद नाहीत. पेल अनुदान हा त्या मुलाचा कायदेशीर हक्क आहे. परंतु केंद्राच्या अर्जात त्याला आईबापांची माहिती द्यावी लागते. ही माहिती मदतीखेरीज इतर कामासाठी वापरण्यावर कायद्याने निर्बंध आहेत. तरी सतरा वर्षांच्या मुलीने रात्री एकटीने त्या अर्जासमोर बसून काय ठरवायचे? फी हवी असेल तर वडिलांचा पत्ता सरकारला द्यायचा, आणि वडील सुरक्षित राहावेत असे वाटत असेल तर कॉलेज सोडायचे. कोणत्याही मुलीला बापाच्या सुरक्षिततेची किंमत डॉलरमध्ये करायला लावणारी व्यवस्था, तिचा हेतू कितीही चांगला असो, आतून कुठेतरी सडलेली आहे.

मदतीसाठी विश्वासाने सांगितलेली माहिती ही अमानत आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी या मुलांसाठी केंद्रापासून वेगळा, राज्याकडेच राहणारा अर्ज ठेवला तो याच जाणिवेतून. ज्या हाताने मदत देतो त्याच हाताने पकडायचे, असे एकदा झाले की नुसती एक योजना बुडत नाही; सरकारला खरे सांगावे हा संस्कारच बुडतो. आम्ही वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवतो. खरे बोलण्याची किंमत घर असेल तर आम्ही कोणत्या तोंडाने शिकवायचे?

२०२५ साली या प्रश्नाने आणखी कडू वळण घेतले. फ्लोरिडाने २०१४ साली दिलेली फीची सवलत १ जुलै २०२५ पासून रद्द केली. टेक्सासमध्ये त्याहून विलक्षण घडले. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने तिथल्या २००१ च्या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला, राज्य सरकारने त्याच दिवशी तो मान्य केला आणि त्याच दिवशी न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी थांबवली. चोवीस वर्षांची व्यवस्था एका दिवसात गेली. ज्यांचे भवितव्य तिच्यावर टांगलेले होते त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून न घेताच. त्यानंतर आणखी काही राज्यांवर असेच दावे झाले.

मदत सुरू करावी की नाही, यावर मतभेद असू शकतो. पण सुरू केलेली मदत मध्येच काढून घेणे हा निराळा नैतिक प्रश्न आहे. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने तुमच्या कायद्यावर भरवसा ठेवून आधीची दोन वर्षे घातली. त्याच्या बहिणीने त्याच्यासाठी आपले शिक्षण मागे ठेवले असेल. विहिरीत उतरणाऱ्याला आधी दोर द्यायचा आणि तो मध्यावर आला की दोर कापायचा, याला धोरणबदल म्हणत नाहीत. निदान जे आत आले आहेत त्यांचे शिक्षण पुरे होईपर्यंत दोर धरून ठेवण्याइतकी माणुसकी कोणत्याही पक्षाच्या सरकारला दाखवता आली असती.

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. ज्या समाजाने मुलाला शाळेत घेतले त्याने त्याच्याशी एक करार केला आहे, कोणत्याही कागदावर सही न करता. शाळा सांगते, ‘शिक, पुढे जाशील.’ बारा वर्षे रोज सांगते. हे वचन खोटे ठरले तर खोटे फक्त सरकार बोलले असे होत नाही, प्रत्येक शिक्षक खोटे बोलला असे होते. म्हणून त्या मुलाची फी त्याने आणि त्या समाजाने मिळून भरायची. त्याने श्रमाने आणि समाजाने इतर मुलांप्रमाणेच त्याला मोजून.

अमेरिकेचे कायदे आपल्या हातात नाहीत. पण एक लहानशी गोष्ट आपल्या लोकांच्या हातात आहे. आपली मंडळी तिथे जाऊन स्थिरावली की मंडळे स्थापन करतात, संस्था काढतात, समाजाच्या पैशातून मुलांना शिष्यवृत्त्या देतात. ही चांगली प्रथा आहे. खासगी शिष्यवृत्तीच्या अर्जात नागरिकत्वाचा दाखला मागण्याची सक्ती तिथला कोणताही कायदा करत नाही. तरी सवयीने तो रकाना ठेवला जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही की त्या एका ओळीने कोणाला बाहेर काढले. ज्यांचे आप्त अशा संस्थांत आहेत त्यांनी पुढच्या फोनवर खुशाली विचारून झाली की एवढे अवश्य विचारावे: तुमच्या अर्जात तो रकाना आहे का, आणि असेल तर तो कशासाठी आहे?